पाण्यात माणूस आहे

वर येण्याआधीची ती शेवटची तीन मिनिटे होती. पृष्ठभागाच्या पाच मीटर खाली, हाताशी कुठलाही दोर नसताना, मी आणि माझा जोडीदार नुसते तरंगत घड्याळातले सेकंद मोजत होतो. खोलवर दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून स्कूबा डायव्हरने या खोलीवर थांबायचे असते. नांगराचा दोर आम्हांला सापडला नव्हता, कारण पाण्याची ओढ सकाळपेक्षा वाढली होती आणि परतताना आमची दिशा थोडी चुकली होती. त्यात घाबरण्यासारखे काही नव्हते. असे होते, आणि झाले तर काय करायचे हे शिकवलेलेही असते. दुसरे मिनिट संपत आले तेव्हा इंजिनाचा आवाज ऐकू आला. प्रथम तो दूरच्या पिठाच्या गिरणीसारखा वाटला, मग झपाट्याने वाढला, आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी माना वर करून डावीकडे, उजवीकडे, मागे पाहिले. आवाज सगळीकडून येत होता. मग डोक्यावरून एक लांबट सावली सरकली, तिच्या मागोमाग फेसाची पांढरी रेघ उमटली आणि हळूहळू विरून गेली.

ती होडी कोणाची होती हे मला आजही ठाऊक नाही. तिच्यावरच्या कोणालाही आम्ही खाली होतो हे कळले नसणार, आणि मला अस्वस्थ करते ते नेमके हेच आहे.

पाण्यातून ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातो. हवेत हाच वेग ३४० मीटरच्या आसपास असतो. आवाज कोणत्या बाजूने आला हे मेंदू ठरवतो ते मुख्यतः तो एका कानावर आधी आणि दुसऱ्यावर नंतर पोहोचतो त्या वेळेतल्या सूक्ष्म अंतरावरून, आणि पाण्यात ते अंतर चारपटींहून अधिक कमी होत असल्याने मेंदूचा हिशेबच चुकतो. त्यामुळे पाण्याखाली इंजिन ऐकू येते, जवळ येत आहे की दूर जात आहे याचा काहीसा अंदाजही येतो, पण ते कुठे आहे हे सांगता येत नाही. रस्ता ओलांडताना हॉर्न ऐकून आपण ज्या सहजपणे मागे सरतो, ती सहजता इथे नाही. डायव्हर मान वर करून पाहू शकतो, एक हात डोक्यावर धरून सावकाश गोल फिरत वर येऊ शकतो, आणि हे त्याने करायलाच हवे. पण निव्वळ त्याच्या सावधपणावर भिस्त ठेवली तर गणित जुळत नाही. सध्याच्या शिफारशींप्रमाणे वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरच्या पुढे जाऊ नये, म्हणजे शेवटचे पाच मीटर चढायला अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो. वीस नॉट वेगाने येणारी होडी सेकंदाला दहा मीटर कापते. मी पाच मीटरवरून निघाले तेव्हा जी होडी तीनशे मीटर दूर होती, जिच्याकडे पाहून कोणीही ‘अजून लांब आहे’ म्हणाले असते, तीच होडी माझे डोके पाण्याबाहेर निघता निघता माझ्यावर असू शकते.

त्या दिवशी आम्ही वर आलो, आमची होडी दोनएकशे मीटरवर होती, आम्ही नारिंगी फुगा उभा करून शिट्टी वाजवली आणि तासाभराने किनाऱ्यावर भजी खात बसलो होतो. त्या प्रसंगाविषयी कोणी काही बोलले नाही. मला मात्र रात्री झोप लागली नाही, आणि तेव्हापासून एकच विचार पुन्हा पुन्हा मनात येत राहिला: डायव्हिंग शिकताना आपण खोलीला घाबरायला शिकतो, हवा संपण्याला घाबरायला शिकतो, पण होडीविषयी जवळजवळ काहीच शिकत नाही. ती जणू आपल्याला पोहोचवणारी रिक्षा आहे, असेच आपण धरून चालतो. रिक्षावाल्याचे काम सवारी उतरली की संपते. होडीवाल्याचे काम मात्र सवारी उतरल्यावर सुरू होते.

हे मला शिकवले ते मालवणच्या एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, आणि तेही मी डायव्हिंग करू शकले नाही अशा एका दिवशी.

त्या वर्षी डिसेंबरात मला सर्दी झाली होती. नाक बंद असेल तर कानांतला दाब समान करता येत नाही, आणि जबरदस्तीने उतरले तर पडदा फाटण्याचा धोका असतो, म्हणून मी होडीवरच थांबले. पाण्यात सहा जण आणि त्यांच्याबरोबर एक डाइव्हमास्टर, म्हणजे गटाला पाण्याखाली नेणारा मार्गदर्शक, असे सात जण जाणार होते. वर तांडेलकाका, त्यांचा विशीतला पुतण्या आणि मी. सगळ्यांची उतरण्याची तयारी चालली असताना काकांनी इंजिन बंद केले, किल स्विचची लाल पिळदार दोरी तिच्या क्लिपसह उपसून काढली आणि सदऱ्याच्या खिशात घालून वरून बटण लावले. ही क्लिप जागेवर नसली तर इंजिन चालू होत नाही. मी विचारले, “काका, न्यूट्रलला ठेवले तर चालणार नाही का?” त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. “पाण्यात माणूस असा,” एवढेच म्हणाले.

या तीन शब्दांत किती काय आहे हे मला पुढच्या पाऊण तासात उमगत गेले. न्यूट्रलमध्ये असलेल्या इंजिनाचा पाण्यातला पंखा थांबलेला असेल अशी आपली समजूत असते. पण होडी हेलकावे खात असताना कोणाचा तरी गुडघा किंवा एखादी पिशवी गिअरच्या दांड्याला लागायला वेळ लागत नाही. संथातली संथ फेरी धरली तरी गिअरमध्ये असलेला पंखा सेकंदाला पाच-सहा वेळा फिरतो, आणि त्याला तीन पाती असतील तर एकाच जागेवरून सेकंदाला पंधराहून अधिक वेळा पाते जाते. ‘हळूच चालू होते’ या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नाही. पर्यटकांच्या होड्यांवर बहुधा शिडी मागच्या बाजूला, इंजिनाच्या शेजारीच असते. म्हणजे दमलेला, चष्म्यावर पाणी साचलेला, कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच समुद्रात उतरलेला माणूस जिथे हात-पाय झाडत वर चढण्याची वाट पाहतो, ती जागा पंख्यापासून हातभर अंतरावर असते. क्लिप खिशात गेली की पाय कुठे लागला, दांडा कुठे हलला याने काही बिघडत नाही.

वरून पाहिल्यावर समुद्र किती निराळा दिसतो हे मला तोवर ठाऊक नव्हते. खाली असताना मला वाटायचे की आपण वर आलो की होडीवरच्यांना दिसणारच. इतका मोकळा समुद्र, त्यात लपणार कुठे? त्या दिवशी मी सात डोकी शोधत होते. नारळी पौर्णिमेला समुद्राला अर्पण केलेला नारळ लाटेवर काही वेळ दिसतो आणि मग ऊन चमकू लागले की दृष्टीतून निसटतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पाण्यातले माणसाचे डोके किती लहान असते ते कळेल. डायव्हरचा पोशाख काळा, जाकीट काळे, केस काळे. लाटांची उंची अर्धा मीटर असली तरी दर दोन-तीन सेकंदांनी डोके लाटेआड जाते. तांडेल उभा असेल आणि सूर्य त्याच्या पाठीशी असेल, तर शंभर मीटरवरचे डोके त्याला दिसेल. सूर्य समोर असेल तर त्याच्या नजरेसमोर फक्त चांदीचा पत्रा असतो.

काकांच्या पुतण्याला एकच काम दिलेले होते, बुडबुड्यांवर नजर ठेवण्याचे. तो काठावर बसून पाण्याकडे टक लावून होता, आणि काका दर थोड्या वेळाने विचारत होते, “बुडबुडे खय दिसतत?” तो बोट करून दाखवत होता. एकदा त्याने खिशातून फोन काढला तेव्हा काका काही बोलले नाहीत, नुसता हात पुढे केला, आणि पोराने फोन निमूटपणे त्या हातावर ठेवला. डायव्हर ज्या वाटेने जात आहेत ती वाट पृष्ठभागावर बुडबुड्यांच्या रांगेने उमटते, आणि ही रांग होडीपासून कोणत्या दिशेला सरकते आहे हे पाहून, ते कुठे वर येतील याचा अंदाज आधीच बांधता येतो. पाण्याची ओढ एक नॉट असेल तर माणूस सेकंदाला अर्धा मीटर वाहतो. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबताना तो काहीही न करता नव्वद मीटर दूर जातो. म्हणूनच आपल्या माणसांना आपल्या जवळच वर येता यावे यासाठी उतरण्याची जागा आणि वेळ भरती-ओहोटी पाहून ठरवावी लागते. काकांनी ती पंचांगावरून ठरवली होती. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी अधिक ओढते, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे छोट्या भरती-ओहोटीला, कमी, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने सांगायला नको होते.

त्या दिवशी मला जाणवलेली आणखी एक गोष्ट आहे ती हातांच्या खुणांची. डायव्हर पृष्ठभागावर आल्यावर होडीकडे पाहून दोन्ही हातांनी डोक्यावर मोठे वर्तुळ करतो, किंवा एका हाताची बोटे डोक्याला लावून कोपर बाहेर काढतो. याचा अर्थ ‘मी ठीक आहे’. हात उंचावून हलवणे म्हणजे ‘मला मदत हवी आहे’. आता आपल्याकडचा कोणताही आनंदी पर्यटक वर आल्यावर पहिल्यांदा काय करतो? होडीवरच्या घरच्यांना हात हलवून दाखवतो, आणि घरचेही त्याला हात हलवून दाखवतात, फोटो काढतात. आनंद आणि आकांत यांची खूण अशी एकच होऊन बसली तर तांडेलाने काय ओळखायचे? उतरण्याआधी सगळ्यांना, होडीवर बसून राहणाऱ्या आजी-आजोबांनाही, हे एवढे एक मिनिटात सांगता येते. मी पाहिलेल्या बहुतेक होड्यांवर ते सांगितले जात नाही.

सगळे वर आले. एकेक जण शिडीने चढला, आणि एक जण चढत असताना दुसरा शिडीखाली येणार नाही याकडे पुतण्याचे लक्ष होते. हा नियम किरकोळ वाटतो, पण डायव्हिंगचे ॲल्युमिनियमचे नेहमीचे सिलिंडर रिकामे असतानाही चौदा किलोंच्या आसपास असते, आणि ते पाठीला बांधलेला माणूस निसटला तर खालच्याच्या डोक्यावर जाणार असतो. मग काकांनी खिशाला हात लावला, पण बटण काढले नाही. “आधी माणसां मोज, मगे नांगर काढ,” ते पुतण्याला म्हणाले. पुतण्याने डोकी मोजली, सात भरली. काकांचे समाधान झाले नाही. त्यांनी वहीतली नावे एकेक करून वाचली, आणि प्रत्येकाने आपापल्या तोंडाने ‘आहे’ म्हटल्यावरच क्लिप खिशातून बाहेर आली.

मला तेव्हा ते थोडे जास्तच वाटले होते. घरी परतल्यावर मी या विषयावर वाचायला लागले आणि जानेवारी १९९८ मधल्या ऑस्ट्रेलियाच्या घटनेपर्यंत पोहोचले. २५ जानेवारीला ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळरांगेवर एका होडीने डायव्हरांचा गट नेला होता. त्यांतले एक अमेरिकन दांपत्य पाण्यातच राहिले आणि होडी परतली. मोजणी झाली होती. ती चुकली होती. त्या दोघांचे सामान होडीवर तसेच पडलेले आहे हे ध्यानात यायला दोन दिवस लागले, आणि तोपर्यंत फार उशीर झाला होता. ते कधीच सापडले नाहीत. या घटनेनंतर तिथल्या क्वीन्सलंड राज्यात माणसे मोजण्याचे आणि नोंद ठेवण्याचे नियम कडक झाले. आकडा मोजणे आणि नावाने हाक मारणे यांतला फरक मी तेव्हा खऱ्या अर्थाने समजले. आकडा चुकतो, कारण मोजत असताना माणसे हलतात, एखादा पुन्हा पाण्यात उडी मारतो, शेजारच्या होडीवरचा एखादा आपल्या होडीवर आलेला असतो, आणि मोजणाऱ्याला अपेक्षित आकडा आधीच ठाऊक असल्याने मनही त्याच आकड्यावर येऊन थांबते. नावाला मात्र उत्तर यावे लागते, आणि पाण्यात राहिलेल्याकडून ते येत नाही.

पंख्याविषयी वाचताना आणखी एक घटना समोर आली, आणि तिने मला अधिक दुखावले, कदाचित मीही आई आहे म्हणून. ब्रिटिश गायिका कर्स्टी मॅकॉल १८ डिसेंबर २००० रोजी मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाजवळ आपल्या दोन मुलांसह डायव्हिंग करून वर येत होती. तो भाग डायव्हरांसाठी राखलेला होता, वेगवान होड्यांना तिथे मज्जाव होता. तरीही एक वेगवान होडी तिथे शिरली. मुलगा होडीच्या वाटेत आहे हे पाहून कर्स्टीने त्याला बाजूला ढकलले आणि स्वतः होडीखाली सापडली. ती एकेचाळीस वर्षांची होती. राखीव क्षेत्र होते, बरोबर जाणकार डाइव्हमास्टर होता, डायव्हरांची काही चूक नव्हती. नकाशावर आखलेली रेघ पाण्यावर उमटत नाही. ती होडी चालवणाऱ्याच्या मनात उमटावी लागते.

इथे बावट्याचा प्रश्न येतो, आणि त्यावर मला थोडे सविस्तर बोलायचे आहे. आंतरराष्ट्रीय संकेतांमध्ये ‘ए’ अक्षराचा एक ध्वज आहे, अर्धा पांढरा, अर्धा निळा, निळ्या टोकाला खाच असलेला. त्याचा अर्थ ‘माझा डायव्हर पाण्याखाली आहे; दूर राहा आणि वेग कमी ठेवा’. समुद्रावर टकरी टाळण्यासाठी १९७२ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत डायव्हिंगचे काम करणाऱ्या लहान होडीसाठी या ध्वजाची किमान एक मीटर उंचीची ताठ प्रतिकृती सांगितलेली आहे; कापडी ध्वज वारा पडला की लोंबतो आणि ओळखू येत नाही, म्हणून ताठ. अमेरिकेत लाल रंगावर पांढरा तिरका पट्टा असलेला ध्वजही चालतो, आणि फ्लॉरिडाच्या कायद्याप्रमाणे मोकळ्या पाण्यात त्या ध्वजापासून ३०० फूट आणि नदी, खाडीमुख किंवा जलवाहतुकीच्या मार्गात १०० फूट अंतर राखण्याचा प्रयत्न होडीवाल्याने करायचा असतो. आपल्याकडच्या किती होड्यांवर असा ध्वज असतो, हा एक प्रश्न झाला. पण तो असला तरी पलीकडून येणाऱ्याला त्याचा अर्थ कळतो का, हा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कोकणातली होडी म्हणजे आधीच ध्वजांची शोभायात्रा असते: भगवा, तिरंगा, देवस्थानाचा, मालकाच्या आवडीचा. त्यांत एक निळा-पांढरा तुकडा आणखी एक शोभाच ठरतो. काही ठिकाणी तर तो होडीच्या अंगावर रंगवलेला मी पाहिला आहे, म्हणजे होडी धक्क्याला बांधलेली असतानाही ती ‘माझा डायव्हर खाली आहे’ असेच सांगत असते. जो ध्वज कधी उतरत नाही तो कोणी वाचत नाही. पहिला माणूस पाण्यात उतरताना तो चढला पाहिजे आणि शेवटचा वर आल्यावर उतरला पाहिजे, तरच त्याला शब्दाचे मोल येईल.

मी हे काकांशी बोलले तेव्हा त्यांनी जे सांगितले ते मला कोणत्याही नियमावलीत सापडले नव्हते. मच्छीमार आपल्या जाळ्याच्या टोकाला तरंगते लावून त्यावर काठी उभी करतात आणि काठीला बावटा बांधतात. असा बावटा दिसला की कोणताही तांडेल, कितीही घाईत असला तरी, वळसा घालून जातो. कारण जाळे पंख्यात गुंतले तर दोघांचेही नुकसान होते, जाळेवाल्याचे जाळे जाते आणि याचे इंजिन बंद पडते, वर गावात भांडण होते ते निराळेच. काका म्हणाले की जाळ्याचा बावटा कोणाला शिकवावा लागत नाही, तो बापाच्या मांडीवर बसून पोराला कळतो. डायव्हरचा बावटा अजून कोणाच्या बापाने शिकवलेला नाही.

तेव्हापासून मला वाटते की सुरुवात इथूनच व्हायला हवी. किनाऱ्यावरच्या मच्छीमार संस्थांना, पॅरासेलिंगवाल्यांना, जेट स्कीवाल्यांना एकत्र बसवून ‘हा माणसाचा बावटा आहे, जाळ्याच्या बावट्यासारखाच याला वळसा घालायचा’ असे त्यांच्याच शब्दांत सांगितले, तर ते इंग्रजी फलकापेक्षा लवकर रुजेल. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात हंगामात काय गर्दी असते हे तिथे गेलेल्यांना ठाऊक आहे: किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या, मासेमारीहून परतणाऱ्या होड्या, पर्यटकांच्या खेळांच्या होड्या, आणि याच सगळ्यांत पाच-सात मीटर खोलीवर, मार्गदर्शकाचा हात घट्ट धरून, पहिल्यांदाच मासे पाहणारा नाशिकचा किंवा कोल्हापूरचा कोणीतरी. हा पर्यटक प्रशिक्षित डायव्हर नसतो. आवाज ऐकून खाली राहणे, फुगा सोडणे, यातले त्याला काही येत नाही, आणि ते यावे अशी अपेक्षाही चुकीची आहे. त्याचा सगळा जीव त्याच्या मार्गदर्शकावर आणि वरच्या होड्यांवर अवलंबून असतो. एकाच जागी चार-पाच होड्या नांगरून उभ्या असतात, आणि आपली माणसे वर आली म्हणून एक होडी इंजिन चालू करते तेव्हा शेजारच्या होडीची माणसे अजून खालीच असतात. आपली माणसे मोजून झाली म्हणजे पाणी मोकळे झाले असे नाही. निघण्याआधी शेजारच्याला हाक मारून विचारायला हवे, आणि गरज पडली तर नांगराचा दोर हाताने ओढत किंवा वल्ह्याने काही अंतर बाजूला होऊन मगच इंजिनाला हात लावायला हवा.

एका होडीवर, जिचे नाव मी इथे घेणार नाही, याच्या नेमके उलट घडलेले मी अनुभवले आहे. आम्ही तिघे पाण्यावर होतो, होडी तीसएक मीटर दूर होती. चालवणाऱ्याने चांगुलपणानेच आम्हांला पोहण्याचा त्रास नको म्हणून होडी आमच्याकडे आणली, आणि अंदाज चुकून पुढे गेला तेव्हा तितक्याच चांगुलपणाने ती मागे घेतली. होडीची मागची बाजू आणि तिथला पंखा आमच्याकडे येत होता. आम्ही ओरडलो, पण इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेले नाही. होडीवरच्या एका पर्यटकाने त्याच्या पाठीवर थाप मारली तेव्हा तो थांबला. आमच्यातल्या एकीच्या पायातल्या फिनचा, म्हणजे पोहण्याच्या पंखाचा, कोपरा कापला गेला होता, तोही अगदी सरळ रेषेत, सुरीने कापावा तसा. त्या मुलाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. तो मासेमारीच्या होडीवर वाढलेला, समुद्र जाणणारा मुलगा होता. पण मासेमारीत पाण्यात माणूस नसतो. पाण्यात माणूस असताना होडी मागे घ्यायची नाही, होडी माणसाकडे न्यायची नाही, थोड्या अंतरावर नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वाऱ्याकडे करून थांबायचे, इंजिन बंद करायचे आणि तरंगता दोर फेकून माणसाला होडीकडे ओढून घ्यायचे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्याला होडी चालवता येते, तेव्हा आणखी शिकवायचे काय, असे मालकाने धरून चालले असावे.

शिकवण्याच्या सोयी आपल्याकडे अगदीच नाहीत असे नाही. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, आणि गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत यांत्रिक होडी चालवण्याचे आणि जीवरक्षणाचे अभ्यासक्रम चालतात. तरीही डायव्हरांच्या होडीवरचा तांडेल हा अजून ‘ड्रायव्हर’च समजला जातो. उतरण्याआधी डाइव्हमास्टर सगळ्यांना गोलात बसवून कुठे जायचे, किती खोल, किती वेळ, हे समजावतो. हे सगळे हिंदी-इंग्रजीत चालते आणि तांडेल मागे इंजिनापाशी पाठ करून बसलेला असतो. किती जण उतरणार, कोणत्या बाजूने जाणार, किती मिनिटांनी वर यायला हवेत आणि त्याहून किती उशीर झाला तर त्याने काळजी करायची, हे ज्याला सर्वांत आधी कळायला हवे, त्यालाच त्या गोलात जागा नसते. मला असेही वाटते की ‘आज उतरायचे नाही’ म्हणण्याचा अधिकार त्याला असायला हवा. वारा कसा फिरतो आहे, पाणी कसे ओढते आहे, हे त्याला आधी दिसते. पण फेरीवर पैसे मिळत असतील, हंगाम मे महिन्याच्या अखेरीस संपणार असेल आणि किनाऱ्यावर पुढचा गट जाकिटे घालून उभा असेल, तर त्याच्या ‘नको’ला कोण विचारतो? २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटक दगावले. हंगामाचे ते शेवटचे दिवस होते. त्या होडीवर कोण काय म्हणाले हे मला ठाऊक नाही आणि त्याविषयी तर्क करण्याचा मला अधिकारही नाही. मात्र तेव्हापासून मे महिन्यात मी कोणत्याही होडीवर पाय ठेवण्याआधी तांडेलाला स्वतः जाऊन विचारते की आजचे पाणी तुम्हांला कसे वाटते, आणि त्याच्या शब्दांपेक्षा त्याच्या चेहऱ्याकडे अधिक लक्ष देते.

आता मी दुसऱ्याही काही गोष्टी करते. फुगा आणि शिट्टी माझ्या जाकिटाला कायमची बांधलेली आहे. जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधून वर यायचे, हे उतरण्याआधी आम्ही एकमेकांना मोठ्याने सांगतो. भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक होडीवरच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे ना, हे मी विचारते, आणि बहुतेक वेळा नसतो, तेव्हा तिथेच साठवून घेते. यामुळे काही जण माझ्यावर वैतागतात हे मला दिसते. वैतागले तरी चालेल.

गेल्या नोव्हेंबरात मालवणला पुन्हा त्याच होडीवर गेले. काकांचे गुडघे आता दुखतात, म्हणून होडी पुतण्या चालवतो. काका सावलीत बसून असतात. आम्ही पाच जण उतरणार होतो. पुतण्याने आमच्या गोलात येऊन मांडी घातली, किती मिनिटांनी परत येणार ते विचारले आणि मनगटावरच्या घड्याळात वेळ लावली. मग इंजिन बंद करून क्लिप काढली आणि स्वतःच्या खिशात घालण्याऐवजी ती काकांच्या हातात नेऊन दिली. काकांनी ती मुठीत धरली. मी पाठीमागे झोकून देण्याआधी वर पाहिले, तेव्हा काठावर एक शाळकरी मुलगी येऊन बसली होती, कदाचित घरातलीच, आणि पुतण्या तिला पाण्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता. बेचाळीस मिनिटांनी पाच मीटरवर थांबले असताना मी मान वर केली. होडीचा तळ जागच्या जागी, निश्चल होता, आणि कडेवरून वाकलेले एक छोटे डोके पाण्यातून थरथरताना दिसत होते. माझे बुडबुडे थेट त्याच्याकडे जात होते.